थर्ड इयर बँडच्या दोन तबकड्या : आधी कोणती घ्यावी?

थर्ड इयर बँडची (इयर म्हणजे कान, वर्ष नव्हे) एकच तबकडी घ्यायची असेल तर ‘अल्केमी’ सोडा आणि तिच्या पुढच्या वर्षीची घ्या. नाव बघून हात ‘अल्केमी’कडेच जातो, पहिल्या सहा मिनिटांत डोकं गरगरतं आणि ‘हे आपल्याला झेपायचं नाही’ म्हणून माणूस मोकळा होतो. दोष कानाचा नसतो, क्रमाचा असतो.

नावच नवं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. लंडनच्या चार वादकांचा हा ताफा. तबला आणि हाताने वाजवायची इतर तालवाद्यं ग्लेन स्वीनीकडे, ओबो (सनईच्या कुळातलं फुंकवाद्य) आणि रेकॉर्डर (बासरीसारखं वाद्य) पॉल मिन्सकडे, व्हायोलिन आणि व्हिओला रिचर्ड कॉफकडे. चेलोवर, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातल्या मोठ्या, खालच्या सुराच्या वाद्यावर, पहिल्या तबकडीत मेल डेव्हिस, दुसरीत अर्सुला स्मिथ. गायक नाही, ड्रमसेट नाही, समोर लिहिलेली स्वरलिपी नाही. ‘अल्केमी’ १९६९ ची, ‘थर्ड इयर बँड’ १९७० ची. दोन्ही ईएमआयच्या ‘हार्वेस्ट’ या तेव्हा कोऱ्या करकरीत लेबलवर आल्या. पहिलीचा निर्माता पीटर जेनर, दुसरीचा अँड्र्यू किंग. हे दोघं म्हणजेच ब्लॅकहिल एंटरप्रायझेस: पिंक फ्लॉइडचे सुरुवातीचे व्यवस्थापक आणि हाइड पार्कातल्या फुकट मैफली भरवणारे. म्हणून तर ७ जून १९६९ ला ब्लाइंड फेथच्या आधी आणि ५ जुलैला रोलिंग स्टोन्सच्या आधी, लाखोंच्या गर्दीपुढे हा बिनविजेचा ताफा वाजवायला बसलेला आढळतो. सुरुवातीला यांच्याकडेही विजेवरची वाद्यं होती, ती चोरीला गेली आणि मग लाकूड, कातडं आणि तारांवरच भागवायचं ठरलं, अशी हकीकत सांगतात. खरी असेल तर त्या चोराचे उपकार आहेत.

हे संगीत उभं कसं राहतं ते कळलं की ऐकणं निम्मं सोपं होतं. चेलो एक स्वर किंवा षड्ज-पंचमाची जोडी धरून बसतो. सनईच्या जोडीला सूर धरणारा असतो ना, तेच काम. फरक इतकाच की गज टोकाला पोचून उलटा फिरतो तेव्हा सुरात बारीक खाच पडते. सूर असा श्वास घेत राहतो, तंबोऱ्यासारखा अखंड वाहत नाही. त्यावर स्वीनी लहानसा बोल हाताने पकडतो आणि पुढची सात-आठ मिनिटं त्याला जवळजवळ हात लावत नाही. व्हायोलिन तीन-चार स्वरांची एक ओळ घेऊन तिचं चाक फिरवत ठेवतं. हे तीन थर बसले की ओबो आत येतो. पाश्चात्त्य गाण्यात असते तशी कॉर्डांची चाल इथे नाही. जॅझमध्ये एकामागून एक पाळ्या घेतात, तशा पाळ्याही नाहीत. चौघे एकाच वेळी सुचेल ते वाजवत असतात, पण प्रत्येकाने आपलं अंगण लहान ठेवलेलं असतं.

बिघडतं कुठे तेही याच रचनेत दडलेलं आहे. ओबोने वरच्या सप्तकात झेप घेतली आणि व्हायोलिन त्याच्या मागे गेलं, की दोन तीक्ष्ण आवाज एकाच पट्ट्यात घुसतात आणि कोण काय वाजवतंय ते ओळखू येत नाही. आपल्याकडे अशा वेळी सम असते. वाट चुकलेला वादक समेवर परत येतो आणि श्रोतेही मान हलवून त्याला घरात घेतात. इथे समच नाही. एकाने गप्प बसणं आणि चेलोचा सूर पुन्हा उघडा पडू देणं, एवढी एकच परतीची वाट उरते. दोन्ही तबकड्यांमधल्या चांगल्या जागा बहुतेक अशा कोणीतरी थांबल्यामुळे झालेल्या आहेत. जिथे कोणीच थांबत नाही तिथे नुसता कल्ला आहे.

मराठी कानाला दोन गोष्टी खटकतील, त्या आधीच सांगून ठेवतो. पहिली, तबला. स्वीनीच्या हातात तबला दिसतो म्हणून ठेका शोधायला जाऊ नका. खाली नाही, भरी नाही, तिहाई नाही, लग्गी तर नाहीच. तबला इथे नाडीसारखा आहे. त्याची बरोबरी एकल तबलावादनाशी करण्यात अर्थ नाही. रात्रभराच्या गोंधळात संबळ आणि तुणतुणं मिळून एक न थांबणारी जमीन अंथरतात, तिच्याशी याचं नातं जास्त जवळचं आहे. स्वीनीच्या हाताला सफाई कमी, चिकाटी भरपूर.

दुसरी, सूर. चेलो आणि व्हायोलिन कानाने जुळवतात, धरलेल्या सुराशी शुद्ध गांधार लावायचा तर तो षड्जापासून ३८६ सेंटवर (सप्तकाचे १२०० सारखे भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे सेंट) आपोआप जाऊन बसतो. ओबोची भोकं आणि चाव्या मात्र पियानोच्या समान अंतरांच्या हिशोबाने घडवलेल्या असतात आणि तिथे तोच गांधार ४०० सेंटवर येतो. हे १४ सेंटचं अंतर वादकाने ओठांच्या दाबाने मोडायचं असतं. मिन्स कधी मोडतो, कधी मोडत नाही आणि मग ओबो व तारा यांच्यामध्ये लाटा उठल्यासारखा थरथराट ऐकू येतो. तंबोऱ्यावर घडलेल्या कानाला तो ‘बेसूर’ वाटणारच. दुसऱ्या तबकडीतल्या ‘फायर’मध्ये हाच थरथराट कामाला आलेला आहे, पहिलीत बरेचदा तो नुसता राहून गेलेला आहे.

ओबोबद्दल आणखी थोडं, कारण दोन्ही तबकड्यांचा आवाज म्हणजे मुळात मिन्सचा ओबो. पत्तीचं वाद्य म्हणून तो सनईचा नातलग, पण सनईची भोकं उघडी असतात, बोट अर्धवट सरकवून मींड काढता येते. ओबोवर चाव्या आल्या आणि ती सोय गेली. म्हणून मिन्सचा स्वर सरळ लागतो आणि वाकतो तो शेवटी, सुटता सुटता. श्वासाची अडचणही उलटी आहे. ओबोच्या पत्तीची फट इतकी बारीक की हवा संपत नाही, छातीत उरते आणि शिळी होते. वादकाला विश्रांती लागते ती आधी श्वास सोडायला. लांबच लांब ओळी आणि मध्येच अचानक तुटणारे शेवट ऐकू आले तर ते सगळंच ‘गूढ’ वगैरे नसतं, बरंचसं शरीरशास्त्र असतं.

आता किमया. हा शब्द आणि ‘अल्केमी’ हा शब्द एकाच अरबी घरातून निघाले आहेत, तेव्हा तबकडीचं नाव मराठीत सरळ ‘किमया’ असंच होईल. त्या काळात असली नावं लंडनमध्ये स्वस्त होती. ड्रुइड, पिरॅमिड, ड्रॅगन, काय हवं ते वेष्टनावर छापायचे आणि आत नेहमीची गिटार असायची. या चौघांचं वेगळेपण नावात शोधून सापडणार नाही, कामाच्या पद्धतीत सापडतं. युरोपातले किमयागार ‘अथानोर’ नावाची भट्टी वापरत. तिच्या मनोऱ्यात कोळसा भरून ठेवायचा, तो वरून आपोआप खाली सरकत राहायचा, म्हणजे आच कित्येक दिवस एकसारखी मिळायची. द्रव्य थोडं, वेळ फार आणि आचेत चढउतार नको. आपल्या रसशास्त्रातही पाऱ्याच्या संस्कारांची सुरुवात स्वेदन आणि मर्दन यांनी होते, म्हणजे शेकत राहा आणि खलत राहा. घरातलं उदाहरण हवं तर बासुंदी आहेच. तीन-चार स्वर घेऊन दहा मिनिटं ते आटवत राहायचे, हा या बँडचा खरा धंदा. या दोन तबकड्यांची पारखही मी एकाच प्रश्नावर करतो: आच टिकली का?

‘अल्केमी’ सुरू होते ती साधारण साडेसहा मिनिटांच्या ‘मोझेक’ने आणि तिथेच पहिली चूक झालेली आहे. लय सैल, तुकडे सुटे, सूर कुठला ते कळेपर्यंत तुकडा बदललेला. नावाला शोभतं, पण भट्टी पेटायच्या आतच झाकण उघडून बघितल्यासारखं होतं. सुरुवातीला हा भाग सरळ गाळा.

‘घेटो रागा’ साडेदहा मिनिटांचा आहे आणि पहिल्या बाजूचा सगळा ऐवज त्यात आहे. राग म्हणून ऐकायला बसलात तर पाच मिनिटांत उठाल: आरोह-अवरोहाचा नेम नाही, वादी-संवादी नाहीत, पकड म्हणावी अशी जागा नाही. थाटाच्या पातळीवर आपल्याला ओळखीचं काही लागत राहतं, कारण युरोपच्या जुन्या चर्चसंगीतातले मोड आणि आपले थाट स्वरसंचापुरते जुळतात. डोरियन म्हणजे काफीचे स्वर, मिक्सोलिडियन म्हणजे खमाजचे, फ्रिजियन म्हणजे भैरवीचे. पण थाट म्हणजे राग नव्हे, हे आपल्याकडे पहिल्या इयत्तेत शिकवतात. शीर्षक विसरा आणि तालाची नाडी कुठेही न सोडता ओबो-व्हायोलिन एकमेकांना वेल चढावी तसे कसे लपेटत जातात तेवढं ऐका. सहाव्या-सातव्या मिनिटाला ‘हे संपू नये’ असं वाटलं तर हे संगीत तुमचं आहे. नाही वाटलं तर या तबकडीचे पैसे वाचवा.

‘ड्रुइड वन’ आणि ‘स्टोन सर्कल’ मिळून सात-सव्वासात मिनिटांची. छोटी आहेत, चालून जातात. मात्र नावांमागची दंतकथा बघण्यासारखी आहे. इंग्लंडातल्या स्टोनहेंज या दगडी वर्तुळाचे मोठे दगड इसवी सनापूर्वी २५०० च्या आसपास उभे राहिले, तर ड्रुइडांचं, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांचं, सविस्तर वर्णन ज्युलियस सीझरकडे येतं ते इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात. मधे दोन हजारांहून जास्त वर्षं. दगडी वर्तुळं ड्रुइडांच्या नावावर चढवली ती सतराव्या-अठराव्या शतकातल्या जॉन ऑब्री आणि विल्यम स्ट्यूकली या इंग्रज हौशी संशोधकांनी. प्राचीन म्हणून जी आख्यायिका या तबकडीने उचलली ती दगडांच्या मानाने कालची आहे. संगीताचं यात काही बिघडत नाही, पण वेष्टनावरच्या प्राचीनतेला किती भाव द्यायचा ते कळतं.

दुसरी बाजू उलटली की ‘इजिप्शियन बुक ऑफ द डेड’. नऊ मिनिटांचा हा तुकडा बऱ्याच जणांना सगळ्यात आवडतो आणि माझं याच्याशी भांडण आहे. खालच्या पट्टीत घसरणारे स्वर, दबकत येणारा ताल, अंधार उत्तम उभा केला आहे. पण ज्याला आपण ‘मृतांचं पुस्तक’ म्हणतो ते एक पुस्तक नव्हे, पपायरसवर लिहून मृताबरोबर ठेवलेल्या मंत्रांचा संग्रह आहे आणि त्याचं मूळ नाव ‘दिवसा बाहेर येण्याचे मंत्र’ अशा अर्थाचं आहे. मृताचं हृदय सत्याची देवता माआत हिच्या पिसाबरोबर तोललं जातं ती पारड्याची घडी भीतीची खरी, तरी तिच्या पलीकडे सुटका आहे. ब्रिटिश म्युझियममधल्या आनीच्या पपायरसवर ते चित्र स्पष्ट दिसतं, लंडनच्या वादकांना बसचं तिकीट काढून बघता आलं असतं. संगीत मात्र भीतीच्या खोलीतून बाहेर पडत नाही. किमयेच्या भाषेत सांगायचं तर ‘निग्रेडो’, म्हणजे द्रव्य काळं पडण्याची पायरी झाली, पांढरं आणि तांबडं व्हायचं राहूनच गेलं.

‘एरिया थ्री’मध्ये, साधारण साडेआठ मिनिटांत, बीबीसीचा निवेदक जॉन पील मोरचंग वाजवतो. पाहुणा म्हणून बोलावलेला असला तरी निवड शहाणपणाची आहे. मोरचंगाचा मूळ सूर एकच असतो, वादक तोंडाची पोकळी लहान-मोठी करून त्यातले वरचे अंश निवडत राहतो. म्हणजे एकाच वाद्यातून धरलेला सूरही मिळतो आणि वर हलकी हालचालही. चेलोला त्यामुळे मोकळीक मिळते. ‘ड्रॅगन लाइन्स’ बद्दल फार सांगण्यासारखं नाही. इंग्लंडात प्राचीन स्थळं सरळ रेषांवर येतात ही आल्फ्रेड वॉटकिन्सची १९२१ मधली कल्पना, तिला साठच्या दशकात चिनी ड्रॅगनची शेपूट लागली आणि त्या शेपटीचं हे साडेपाच मिनिटांचं नाव. शेवटचं ‘लार्क राइज’ अडीच मिनिटांचं, व्हायोलिनवर डेव्ह टॉमलिन. सरळ लोकधुनीच्या वळणाचं आणि गोड. तासभर धूर कोंडलेल्या खोलीची खिडकी कोणी उघडावी तसं वाटतं.

हे झालं संगीताचं. तबकडी म्हणून ‘अल्केमी’ची आणखी एक अडचण आहे आणि ती जुनी प्रत घेणाऱ्याला माहीत हवी. दोन्ही बाजू मिळून जवळपास ५० मिनिटं होतात. एका बाजूला १८ ते २२ मिनिटं असली तर खोबण ऐसपैस कोरता येते, २४-२५ मिनिटं कोंबायची तर खोबणी जवळ आणाव्या लागतात आणि त्यासाठी आवाजाची पातळी खाली घ्यावी लागते. रॉकच्या तबकडीत ते खपून जातं. इथे एकटा चेलो गुणगुणत असताना तबकडीची खरखर त्याच्याइतकीच मोठी ऐकू येते. त्यातून आतल्या खोबणींचा प्रश्न वेगळाच. ३३⅓ च्या गतीला बाहेरच्या कडेला खोबण सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच वेळाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत बसवायचा म्हणजे बारीक वळणं सुईला पकडता येत नाहीत आणि पत्तीच्या वाद्याचे, गजाच्या वाद्याचे वरचे अंश फाटतात. नेमकं ‘लार्क राइज’चं व्हायोलिन दुसऱ्या बाजूच्या अगदी आत आहे. गोलाकार टोकाची साधी सुई असेल तर ते करवतीसारखं लागेल. लंबगोल सुईने बरंच सुधारतं.

आता १९७० ची ‘थर्ड इयर बँड’. चारच तुकडे, चार महाभूतांच्या नावाचे. पहिल्या बाजूवर ‘एअर’ साडेदहा मिनिटं आणि ‘अर्थ’ दहाला थोडी कमी, दुसऱ्या बाजूवर ‘फायर’ सव्वानऊ आणि ‘वॉटर’ सात. लगेच लक्षात येईल की दोन्ही बाजू मिळून ३७ मिनिटांच्या आत आहेत. खोबण मोकळी, आवाज भरदार आणि खरखर तुलनेने मागे. पण मोठी सुधारणा पसाऱ्यात आहे. पहिल्या तबकडीत आठ नावांमागे आठ दिशांना धावणं होतं, इथे प्रत्येक तुकड्याला एकच काम दिलेलं आहे.

‘एअर’ वाऱ्याच्या आवाजातून हळूहळू वर येतं. वाद्य कधी सुरू झालं ते सांगता येत नाही इतकं हळू. ‘अर्थ’मध्ये तारा बोटांनी छेडून संथ सुरुवात होते, मग एक मध्ययुगीन नाचाच्या वळणाची चाल पकडली जाते, ती वाढत वाढत द्रुतात जाते, कोसळते आणि पुन्हा पहिल्यापासून उचलली जाते. आपल्याकडे लय वाढवत नेण्याचं शिक्षण इतकं पक्कं आहे की हा तुकडा मराठी श्रोत्याला पहिल्याच झटक्यात कळतो. भजनात टाळकरी लय चढवतात त्यापेक्षा हे फार वेगळं नाही. कोसळण्याची जागा मात्र बघा. ती ठरवलेली वाटत नाही, चौघांचे हात आपापल्या मर्यादेला पोचतात म्हणून ती येते. म्हणूनच दुसऱ्यांदा चढताना कान टवकारलेले असतात.

‘फायर’ सोपं नाही. ओबो आणि तारा एकमेकांना घासत, किंचित बेसूर, सव्वानऊ मिनिटं एका ज्वाळेसारखे धरून ठेवतात. उसंत नाही, शिखर नाही, उतार नाही. वर जो १४ सेंटचा थरथराट सांगितला तो इथे जाणूनबुजून वाढवल्यासारखा आहे आणि तो धातू तापल्यावर हवा हलताना दिसते तसा कानाला दिसतो. आच टिकते का? पुरेपूर टिकते. घरातल्या इतरांना ती सोसणार नाही, तेव्हा दार लावून ऐका. त्यानंतर ‘वॉटर’ येतं, लाटांच्या आवाजात, ओबोच्या एका सावकाश ओळीवर, आणि शेवटी लाटांतच विरतं.

या क्रमात एक खोच आहे. ॲरिस्टॉटलपासून किमयागारांपर्यंत चालत आलेल्या हिशोबात प्रत्येक तत्त्वाला दोन गुण: वायू उष्ण आणि आर्द्र, पृथ्वी शीत आणि शुष्क, अग्नी उष्ण आणि शुष्क, जल शीत आणि आर्द्र. एका तत्त्वाचं दुसरं व्हायचं तर एक एक गुण बदलत जायचं, म्हणजे वायूपासून अग्नी, अग्नीपासून पृथ्वी, पृथ्वीपासून जल. या तबकडीच्या प्रत्येक बाजूवर मात्र दोन्ही गुण उलटे असलेली जोडी समोरासमोर बसवली आहे, वायूनंतर पृथ्वी, अग्नीनंतर जल. पायरी न घेता एकदम कडेलोट. मुद्दाम केलं की योगायोग, ऐकण्याच्या दृष्टीने परिणाम पक्का आहे: ‘फायर’ संपताच ‘वॉटर’चा पहिला सूर अंगावर पाणी पडल्यासारखा येतो. तुकडे उलटसुलट लावले तर हे सगळं जातं. पाचवं महाभूत आकाश, त्याचा गुण शब्द, म्हणजे नाद. ते या यादीत नाही आणि असायची गरजही नव्हती.

ऐकायची एक युक्ती सांगतो, ती चारशे वर्षं जुनी आहे. जर्मन वैद्य आणि किमयागार मिखाएल मायर याने १६१७-१८ च्या सुमारास ‘अटलांटा फ्यूजियन्स’ नावाचा ग्रंथ काढला. त्यात ५० कोरीव चित्रं आणि प्रत्येक चित्राबरोबर तीन आवाजांची एक रचना. ग्रीक कथेतली अटलांटा वाऱ्यासारखी धावते, हिप्पोमेनीस तिच्या मागे आहे आणि तिला थांबवायला वाटेत सोन्याची सफरचंदं टाकतो. मायरने तीन आवाजांना तीच नावं दिली: एक पळणारा, एक पाठलाग करणारा आणि एक रेंगाळवणारं सफरचंद. ते संगीत शब्द न् शब्द लिहिलेलं, आपल्या या बँडचं उत्स्फूर्त. त्यांनी मायर समोर ठेवला होता असा माझा दावा नाही. पण दुसऱ्यांदा ऐकताना ओबो म्हणजे अटलांटा, व्हायोलिन म्हणजे मागे लागलेला आणि चेलो म्हणजे वाटेत पडलेलं सोनं, असं धरून बघा. गोंगाट वाटणारे बरेच भाग आपोआप सुटे होतात, कारण कान एका वेळी तीनच गोष्टींच्या मागे असतो आणि तालाकडे वेगळं लक्ष द्यावं लागत नाही.

तिसरी तबकडी, रोमन पोलान्स्कीच्या १९७१ च्या ‘मॅकबेथ’ची, १९७२ मध्ये आली. ताफा बदललेला, पॉल बकमास्टर आणि सायमन हाउस आलेले, गिटार आणि सिंथेसायझरही. तुकडे प्रसंगांना कापलेले, म्हणून आखूड. चेटकिणींना हे संगीत शोभतं, पण आटवायला वेळच मिळत नाही. संग्राहकासाठी ठीक.

कोणत्या रूपात घ्यायची? एसोटेरिक रेकॉर्डिंग्ज या ब्रिटिश कंपनीने २०१८-१९ मध्ये दोन्ही तबकड्या नव्याने स्वच्छ करून, त्या काळच्या जादा ध्वनिमुद्रणांसह सीडींवर काढल्या. ‘अल्केमी’ दोन सीडींची, दुसरी ‘एलिमेंट्स’ या नावाने तीन सीडींची. संगीत शांत असल्यामुळे सीडीचा फायदा इथे ऐकू येतो. ‘अल्केमी’ तर मी सीडीवरच घ्या म्हणेन. जुनी एलपी हवीच असेल तर क्रमांक बघा, पहिलीचा एसएचव्हीएल ७५६, दुसरीचा एसएचव्हीएल ७७३. ‘अल्केमी’च्या अगदी पहिल्या प्रतींच्या लेबलवर चौकटीतलं ईएमआय नसतं. विक्रेता ‘पहिली आवृत्ती’ म्हणून जास्त पैसे मागत असेल तर लेबलचा जवळून काढलेला फोटो मागवा.

कोकण-मुंबईच्या हवेत राहिलेली प्रत असेल तर बुरशीचे राखाडी ठिपके हमखास. डिस्टिल्ड पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश आणि खोबणीच्या दिशेनेच गोल फिरवणं. आडवं घासलं तर घाण खोबणीत आणखी रुतते. लेबल ओलं होऊ देऊ नका, नंतर उभी ठेवून पूर्ण वाळू द्या आणि ओलसर जुन्या कागदी पाकिटात परत घालू नका, बुरशी तिथूनच परत येते. अल्कोहोल फक्त व्हायनिलला, लाखेच्या ७८ च्या तबकडीला लावलं तर ती गेलीच. सुईचा भार कार्ट्रिजसाठी (सुई बसवलेल्या भागासाठी) सांगितलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला ठेवा. हलका भार तबकडीला जपतो हा समज उलटा आहे, सुई उडते आणि उडालेली सुईच खोबण खाते.

फोनच्या स्पीकरवर यातलं काहीही ऐकू नका. चेलोची सगळ्यात खालची तार ६५ हर्ट्झला बोलते, फोनचा स्पीकर त्याच्या कितीतरी वर सुरू होतो. वरच्या अंशांवरून कान सूर कोणता ते ओळखतो, पण त्याचं वजन गायब होतं आणि चौघांचं संगीत दोघांचं भांडण वाटू लागतं. साधे का होईना, कान झाकणारे हेडफोन घ्या. ॲपवर ऐकत असाल तर शफल (क्रम उलटसुलट करणं) आणि क्रॉसफेड (एक तुकडा दुसऱ्यात मिसळणं) बंद करा, नाहीतर ‘एअर’चा वारा आणि ‘वॉटर’च्या लाटा दुसऱ्याच कशात तरी मिसळतात.

आणि क्रम: आधी ‘अर्थ’, मग ‘वॉटर’, मग दुसरी तबकडी सलग. आठवड्याने ‘घेटो रागा’. ‘मोझेक’ सगळ्यात शेवटी.